आईवडिलांचं जुनं घर आणि परसबाग स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतोय: सुरुवात कुठून करावी?

अंगणातली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमचं घर बैठं आहे. विटांच्या भिंती, वर स्लॅबची गच्ची, वय साधारण ४५ वर्षं. मागे ३० बाय २० फुटांची परसबाग. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घराला कुणाचा हात लागला नाही. आई तिथेच राहते आणि तिला तिथेच राहायचं आहे. मी आणि दादा सुट्टीच्या दिवशी जाऊन जमेल तेवढं स्वतः करायचं ठरवलंय. सगळं ठेकेदाराकडे सोपवायचं तर आमच्याकडे आहेत त्याच्या तिप्पट पैसे लागतील.

घराची अवस्था अशी: आईच्या खोलीची मागची भिंत ओली, पोपडे निघतात, लोणा लागलाय, कपाटामागे बुरशी. दोन वर्षांपूर्वी एकाने तिथे खालून तीन फुटांपर्यंत वॉटरप्रूफ कोटिंग मारून दिलं, एक पावसाळा गेला आणि ओल त्या कोटिंगच्या वर दिसायला लागली. न्हाणीघरातल्या फरशा वाजवल्या की पोकळ आवाज येतो. मागचं दार फुगलंय. वायरिंग मूळचंच आहे. आणि बागेत रान माजलंय.

दादा म्हणतो आधी आईची खोली रंगवू, तिला बरं वाटेल. मी म्हणते आधी बाग, कारण तिला सगळ्यात कमी पैसे लागतात आणि आई दिवसभर मागच्या पायरीवर बसते. तर आधी काय घ्यावं? स्वतः काय करावं आणि कशाला अजिबात हात लावू नये?

रंगारी_हौशी
रंग सगळ्यात शेवटी. वायरिंगच्या खाचा, नळाची तोडफोड, दाराची रंधणी हे सगळं उरकल्याशिवाय डबा उघडू नका.

ओळंबा
ताई, माझी तीस वर्षं बांधकामावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या घराचं एकच बघायचं असतं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. बाकी सगळं त्याच्या मागून. आधी गच्ची: उतार बरोबर आहे का, पाणी कुठे साचतं का, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे भेग आहे का. मग पन्हळ आणि खाली येणारे पाइप, ते पाणी भिंतीच्या पायाशीच सोडत नाहीत ना. मग चेंबर तुंबलाय का. मग आतल्या पाइपांची गळती. त्यासाठी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास कुणी पाणी वापरू नका. आकडा हलला तर कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेला.

ही सगळी तपासणी फुकट होते, आणि हिच्याआधी केलेला खर्च बहुतेक वेळा दुसऱ्यांदा करावा लागतो.

आता मला दोन गोष्टी सांगा. ओल जमिनीपासून किती उंचीपर्यंत आहे? आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काय आहे?

हिशेबवही
पैशांबद्दल माझं एक सांगणं. जेवढे हातात आहेत त्यातला पाचवा हिस्सा आत्ताच बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजा. जुन्या घरात भिंत उघडली की आत काहीतरी निघतंच.

उरलेल्याचे तीन रकाने करा. पहिला, ज्याने घराचं नुकसान थांबतं. दुसरा, ज्याने माणसाला धोका आहे. तिसरा, ज्याने घर छान दिसतं. तिसऱ्याला पहिले दोन संपेपर्यंत हात लावायचा नाही. अवजारं एकदम विकत घेऊ नका. थापी, रंधा, ओळंबा, घमेलं, लेव्हल-पट्टी आणि चांगली छिन्नी-हातोडी एवढं स्वतःचं असावं, कटर आणि ड्रिल भाड्याने मिळतं. आणि ते फुगलेलं दार फेकू नका. जुनं लाकूड असेल तर आजच्या नव्या दारापेक्षा ते कितीतरी सरस निघेल. आधी बिजागरीचे स्क्रू बघा. ते ढिले झाले की दार खाली बसतं आणि आपल्याला वाटतं फुगलं.

परसबागी
मी अंगणातलीच्या बाजूने. बाग आधी, पण झाडं लावण्यासाठी नव्हे. मातीला वेळ लागतो म्हणून. घरात काम चालू असताना बागेत राडारोडा पडणार, सिमेंटचं पाणी सांडणार, तेव्हा आज लावलेलं रोप त्यात जाईल. पण कंपोस्टचा ढीग आज रचला तर काही महिन्यांनी घरचं काम संपेल तेव्हा खत तयार असेल. कापलेलं रान टाकून देऊ नका, तेच खत आहे. फक्त बी धरलेलं गवत वेगळं काढा. सुका पाला दोन-तीन भाग, हिरवं एक भाग असे थर द्या, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा उलथा. ढिगाला आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय किंवा हिरवं जास्त पडलंय, सुका पाला मिसळा.

आणि माती ओळखून घ्या. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. तीन थर स्पष्ट दिसतात. त्यावरून ठरतं पाणी मुरेल की साचेल.

बिनघोर
मला वेगळंच वाटतं. सुट्टीच्या दिवशी दोघं जाऊन काम करणार म्हणजे दीड-दोन वर्षं चालणार. तोवर आईने धुळीत राहायचं का? कर्ज काढा, माणसं लावा, दोन महिन्यांत मोकळे व्हा. आपल्या वेळेचीही किंमत असते.

हिशेबवही
@बिनघोर, किंमत असते हे खरं, पण हातात नसलेले पैसे त्या वेळेतून उभे राहत नाहीत. आणि कर्जाचा हप्ता आईच्या औषधांच्या पैशांशी भांडतो. मात्र धुळीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. एका वेळी एकच खोली उघडा. ती पूर्ण करून, पुसून आईच्या ताब्यात द्या आणि मगच दुसरी. सगळं घर एकदम उकरलेलं असलं की घरातलं वयस्क माणूस खचतं.

तारजोडे
वायरिंगबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यात मी रोज काम करतो. बल्ब बदलणं, मेन बंद करून टेस्टरने खात्री करून स्विचबोर्डाचं झाकण बदलणं, इथपर्यंत तुम्ही. त्यापुढे परवानाधारक वायरमन. ४५ वर्षांचं वायरिंग म्हणजे इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं आणि बहुतेक जागी अर्थिंगची तार नसतेच. ओली भिंत आणि असं वायरिंग एकत्र असेल तर तो तुमच्या यादीतला पहिला धोका आहे. त्या भिंतीवरचा स्विचबोर्ड आजच बंद करा.

पैसे वाचवायचे तर भिंतीतल्या खाचा तुम्ही मारा, नंतर बुजवाही तुम्हीच, वायरमनने फक्त तारा ओढून जोडण्या कराव्यात. मजुरीचा बराच भाग त्या खाचांमध्येच असतो. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो पाणी तापवण्याच्या गीझरइतकाच घरातला आवश्यक आहे असं धरा. दर महिन्याला त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघायचं.

अंगणातली
सगळ्यांचे मनापासून आभार. तारजोडेदादा, तो बोर्ड काल रात्रीच बंद केला, दादा तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उठला.

ओळंबाकाका, ओल साडेतीन फुटांपर्यंत आहे. म्हणजे कोटिंगच्या वर अर्धा फूट. बाहेरच्या बाजूला बाबांचा फुलांचा वाफा आहे, भिंतीला अगदी लागून, जवळपास पूर्ण लांबीचा. त्यात गुलाब आणि मोगरा. बाबा दरवर्षी त्यात नवीन माती आणि खत घालायचे, त्यामुळे तो चांगला उंच झालाय.

ओळंबा
वाफ्याची माती आतल्या जमिनीच्या पातळीच्या वर आहे की खाली?

अंगणातली
आज मोजलं. पाण्याची पारदर्शक नळी धरून, तुम्ही दुसऱ्या एका धाग्यावर सांगितलं होतं तसंच. वाफ्याची माती आतल्या फरशीच्या सात इंच वर आहे.

ओळंबा
मग तुमचं आणि दादाचं भांडण मिटलं. खोली आणि बाग हे एकच काम आहे.

घराचं जोतं उचलून बांधतात ते याचसाठी की बाहेरची ओली माती भिंतीच्या विटांना भिडू नये. जोत्याच्या माथ्यावर ओलावा अडवणारा एक थर असतो. बाहेरची जमीन त्या थराच्या निदान अर्धा फूट खाली राहिली पाहिजे. तुमच्याकडे ती सात इंच वर चढली आहे, म्हणजे मातीने तो थर ओलांडून थेट विटांना पाणी पाजलं. वाफ्याला रोज पाणी घालत असणार, म्हणजे पावसाळा नसतानाही भिंत ओली.

आतून कोटिंग मारल्याने ते पाणी थांबत नाही. त्याला आतल्या बाजूने बाहेर पडून सुकायची वाट होती, ती बंद झाली. मग ते विटांमधून आणखी वर चढतं आणि कोटिंग संपतं तिथे बाहेर येतं. तुमच्या भिंतीवर नेमकं तेच झालंय.

माती काढावी लागेल. पूर्ण लांबीची, फरशीपेक्षा निदान अर्धा फूट खालपर्यंत. आणि भिंतीपासून दूर उतार: पहिल्या दहा फुटांत अर्धा फूट. एक सूचना, जोत्याच्या खाली पायाशी खणू नका. आपल्याला वर चढवलेली माती फक्त उतरवायची आहे.

धुकंधुकं
काकांशी सहमत, तरी एक खात्री करून घ्या. कपाटामागची बुरशी वेगळ्या कारणाची असू शकते. खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमते, वारा नसेल तर तिथे बुरशी येते. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने थेंब जमले तर हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूने जमले तर भिंतीतली ओल. आमच्याकडे दोन्ही निघाले होते. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि रोज दुपारी खिडकी उघडायला लागलो, त्यानंतर वरची बुरशी परत आली नाही.

अंगणातली
प्लास्टिक लावते.

पण मंडळी, तो वाफा बाबांचा आहे. शेवटच्या आजारपणातही ते काठी टेकत त्याला पाणी घालायला जायचे. आई आजही संध्याकाळी तिथेच बसते. तिला कसं सांगू की तिची खोली त्या वाफ्यामुळे ओली आहे? मला कालपासून हेच सुचत नाहीये.

परसबागी
ताई, वाफा म्हणजे झाडं. जागा बदलता येते. मोगऱ्याच्या आणि गुलाबाच्या फांद्या आत्ताच लावायला घ्या, म्हणजे मूळ झाड दगावलं तरी वंश राहील. पेन्सिलीइतकी जाड, वीतभर लांब फांदी, डोळ्याच्या खाली तिरका काप, खालची पानं काढून अर्धी मातीत. मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत पुरून दगड ठेवला तरी मुळं फुटतात, ती रीत सगळ्यात खात्रीची.

जुनी झुडपं हलवायची असतील तर महिनाभर आधी भोवती फावड्याने गोल काप घ्या, एक दिवस निम्मा गोल आणि पंधरा दिवसांनी उरलेला. आत नवी बारीक मुळं फुटतात. मग मातीच्या गड्ड्यासकट उचला, फांद्या एक तृतीयांश छाटा, संध्याकाळी लावा आणि आठवडाभर सावली करा. आणि माती? ती बाबांनी इतकी वर्षं खत घालून केलेली आहे, परसातली सगळ्यात उत्तम माती तीच असणार. एक घमेलंही बाहेर टाकू नका. भिंतीपासून सहा-सात फूट लांब नवा वाफा करा आणि तीच माती त्यात भरा.

जुईची_आजी
अगं, आईला सांगू नकोस, तिला विचार. नवा वाफा कुठे हवा, ते तिने दाखवू दे. माझ्या मुलांनी माझी खोली मला न विचारता सुंदर करून दिली होती. खूप प्रेमाने केली. पण खिडकीशेजारचा माझा पलंग आतल्या भिंतीला नेला आणि मला पहाटेचा उजेड दिसेना. महिन्याने मी तो परत ओढून घेतला.

अंगणातली
आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “बरोबर बोलतेय ही बाई.”

रेघोटी
थोडं विषयांतर. आम्हीही जुनं घर खरवडतोय, दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर आहेत. मुलं लहान आहेत. पॉलिश पेपरने घासलं तर चालेल ना?

रंगारी_हौशी
कोरडं अजिबात घासू नका! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि ते धुळीतून पोटात जातं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. हे काही नवं ज्ञान नाही, घराच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरू नये असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ सालचा आहे, तरी कितीतरी ठिकाणी असे रंग पुढे अनेक दशकं विकले गेले. रंग घट्ट बसलेला असेल तर तसाच ठेवून ओल्या पेपरने हलकेच खरखरीत करा आणि वर नवा थर द्या. निघत असेल तर पाणी फवारून पात्याने खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, नीट बसणारा धुळीचा मास्क लावा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. ब्लोटॉर्चने जाळू नका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

ओळंबा
याला जोडून: कुणाच्या घरावर किंवा शेडवर जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर तेही कापू-फोडू नका, ड्रिल मारू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. न फुटलेला पत्रा जागेवर फारसा त्रास देत नाही, फुटला की तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात.

रेघोटी
बाप रे. बरं झालं विचारलं. पेपर आणून ठेवले होते.

गच्चीवाला
धाग्यावर बागेची चर्चा आहे म्हणून विचारतो. परसात जागा कमी पडली तर तो वाफा गच्चीवर करता येईल का? थेट स्लॅबवर विटांची कड बांधून फूटभर माती?

ओळंबा
नको. ओल्या मातीचं वजन एका घनमीटरला दीड ते दोन टन असतं. फूटभर थर म्हणजे दर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास. साध्या घराचा स्लॅब कायमच्या तेवढ्या ओझ्यासाठी धरलेला नसतो, त्यात ४५ वर्षांचा. शिवाय मुळं आणि सततचा ओलावा खालच्या सळ्यांना गंजवतो. हलक्या कुंड्या, त्याही कडेने, भिंतींच्या माथ्यावर, आणि स्टँडवर उचलून ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहील.

अंगणातली
पाच आठवड्यांनी लिहितेय.

वाफा हलवला. नवी जागा आईने दाखवली, मागच्या पायरीच्या समोर, सात फुटांवर. ती म्हणाली, आता बसल्या जागेवरून मोगऱ्याचा चेहरा दिसेल, इतकी वर्षं त्याची पाठ दिसायची. मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो.

माती काढायला चार सुट्ट्या लागल्या. दादाने खणलं, मी घमेली वाहिली, आईने खुर्चीत बसून मुळं वेचली. जोत्याच्या वरचे विटांचे तीन थर काळे-हिरवे, हात लावला तर गार आणि ओले. एका कोपऱ्यात पन्हळीचा पाइप मातीखाली गाडला गेला होता. म्हणजे गच्चीचं सगळं पाणी वाफ्यात आणि तिथून भिंतीत. गुलाबाची चारपैकी तीन झुडपं जगली. मोगऱ्याला नवी पालवी आहे.

प्लास्टिकची चाचणी: खालच्या भागात थेंब भिंतीच्या बाजूने, वरच्या कोपऱ्यात खोलीच्या बाजूने. धुकंधुकं, तुमच्यासारखंच.

आता दादा विचारतोय, भिंत रंगवायची कधी?

चुनखडी
कोटिंग आणि गिलावा काढा, ओलीच्या खुणेच्या वर आणखी फूटभरापर्यंत. विटांचे सांधे उघडे ठेवा आणि थांबा. वीटकाम सुकायला ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंतीला नऊ महिने. वारा चांगला असेल तर थोडे कमी.

लोणा वर येत राहील, पांढरा भुरा. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून फेका. पाण्याने धुऊ नका, मीठ विरघळून परत विटेत जातं. जितका लोणा बाहेर आला तितकी भिंत शुद्ध होते. आणि नंतर सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचा करा. चुना श्वास घेतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं आहे, त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं चुन्यातच बांधत होती आणि त्या भिंती सुकत होत्या.

ओळंबा
चुनखडीसाहेब, गिलावा काढणं, थांबणं, कोरडा ब्रश, सगळं मान्य. पण संपूर्ण चुन्याचा गिलावा नवख्या हातांना द्यायला मी कचरतो. थर पातळ लागतात, मधे दिवस सोडावे लागतात, घाई केली की भेगा. आणि कळीचा चुना घरी विझवायला तर सांगूच नका, तो पाण्यात उकळतो आणि उडालेला एक थेंब डोळा घेऊ शकतो. हे घर सिमेंटच्या काळातलं आहे. एक भाग सिमेंट, एक भाग तयार चुना पावडर, सहा भाग वाळू असा मऊ गिलावा चालेल. कडक १:३ चा मारू नका.

चुनखडी
एक-एक-सहा मला मान्य आहे. पण वर प्लास्टिकचा रंग मारून सगळं परत बंद करू नका. चुन्याची सफेदी द्या. हातमोजे आणि गॉगल मात्र पावडरलाही लागतातच.

अंगणातली
नऊ महिने! दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण उघड्या विटांच्या भिंतीवर बोट ठेवून रोज ओल बघायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. तोवर आम्ही न्हाणीघर घेतो.

फरशीपुसे
न्हाणीघराचं थोडक्यात. नाण्याने प्रत्येक फरशी वाजवा, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. चार-पाचच असतील तर तेवढ्याच उचला, अर्ध्याहून जास्त असतील तर सगळ्या. नवीन बसवताना उतार फुटाला पाव इंच, जाळीच्या दिशेने. आणि फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून जाळी बंद करा, दोन इंच पाणी भरून एक दिवस पूर्ण ठेवा, पातळीची खूण करून. ही पायरी कधीही गाळू नका. फरशा हिशोबापेक्षा दहा टक्के जास्त, एकाच बॅचच्या, आणि उरलेल्या जपून ठेवा.

तारजोडे
आणि गीझरचा पॉइंट त्याच वेळी करून घ्या, फरशी लागल्यावर मला बोलावू नका! :)

बिनघोर
मी सुरुवातीला कर्ज काढून ठेकेदाराकडे द्या म्हणालो होतो. विचार केला, दोन महिन्यांत काम उरकणाऱ्या माणसाने ती भिंत सुकायची वाट पाहिली नसती. तीच भिंत पुन्हा झाकून, रंगवून दिली असती. शिड्या चढताय म्हणून एक सांगतो: उंचीच्या चौथा हिस्सा पायथा भिंतीपासून लांब ठेवा आणि खाली एकाने धरून उभं राहा.

अंगणातली
आठ महिन्यांनंतर.

सगळं पूर्ण झालेलं नाही. न्हाणीघर झालं, उरलेल्या फरशा माळ्यावर आहेत. वायरिंग झालं, खाचा दादाने मारल्या आणि बुजवल्याही. दार खरंच फुगलेलं नव्हतं, हिशेबवही, वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू गेले होते. लांब स्क्रू घातले, बंद होतं. गच्चीचं पाणी आता पिंपात येतं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर, हे गणित दादाने गच्चीला लावलं आणि पिंप मोठं घ्यायला हवं होतं हे दोघांच्याही लक्षात आलं. बाजूला काढलेला पाचवा हिस्सा गच्चीच्या कठड्यात गेला, तिथे खरोखरच भेग निघाली.

माझा मूळ प्रश्न होता, काय आधी. आम्ही खोलीही आधी घेतली नाही आणि बागही. आधी भिंतीला लागलेली माती काढली. बाकीचं त्यातून एकेक सुचत गेलं.

भिंतीवर लोणा येणं दीड महिन्यापासून थांबलंय. परवा प्लास्टिक पुन्हा लावलं होतं, दोन दिवसांनी आज काढलं, दोन्ही बाजूंनी कोरडं. गिलाव्याला पुढच्या सुट्टीला हात घालतोय. ओळंबाकाका, पहिल्या थरावर पाणी किती दिवस मारायचं?

ओळंबा
फार आनंद झाला ताई. गिलाव्याआधी विटा ओल्या करून घ्या, नाहीतर त्या गिलाव्यातलं पाणी शोषून घेतील. गिलाव्यावर सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, फवारा हलका. गिलावा पूर्ण सुकू द्या, निदान महिनाभर, मग सफेदी. आईंना विचारा सफेदी पांढरीच हवी की थोडी पिवडी (पिवळी माती) मिसळायची.

अंगणातली
विचारलं. पिवडी. मोगरा त्यावर उठून दिसेल म्हणतेय.